प्रश्न तुमचे: संशोधन साहाय्यक व्हायचंय, रेझ्युमेत काय लिहू?

मी सांगलीत बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत पुण्यातल्या एखाद्या संशोधन संस्थेत काम करायचं आहे, मानधन नसलं तरी चालेल. तीन प्राध्यापकांना रेझ्युमे पाठवला, एकाचंही उत्तर आलं नाही. रेझ्युमे सोबत पाठवत आहे. कुठे चुकलं?

तुमचा रेझ्युमे तीन पानांचा आहे. पहिलं पान फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि चार ओळींचं ‘ध्येय’ यातच संपलं आहे. तुम्ही केलेल्या एकमेव प्रकल्पाचा उल्लेख दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे, तोही एवढाच: ‘माती परीक्षणावर प्रकल्प केला’. खरं तर तुमच्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

बिनपगारी मदतनीसही प्रयोगशाळेला फुकट पडत नाही. त्याला शिकवायला एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे दोन-तीन आठवडे जातात, शिवाय रसायनं खर्च होतात. म्हणून रेझ्युमे वाचताना प्राध्यापक तीन गोष्टी शोधतात. हाताला कोणत्या कामाची सवय आहे, नोंदी नीट ठेवता येतात का आणि हा विद्यार्थी किती दिवस टिकेल. पहिल्या अर्ध्या पानात ही उत्तरं सापडली नाहीत, तर पुढचं वाचलं जात नाही.

प्रकल्पाची ती ओळ अशी लिहून पाहा: ‘मिरज तालुक्यातील सहा शेतांतून प्रत्येकी चार, असे २४ मृदा नमुने ० ते १५ सेंमी खोलीवरून घेतले. माती आणि पाणी १:२.५ प्रमाणात घेऊन सामू आणि विद्युतवाहकता मोजली, सेंद्रिय कर्ब वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढला. प्रत्येक मोजणी तीनदा केली. चौघांच्या गटात टायट्रेशन आणि एक्सेलमधील नोंदी माझ्याकडे होत्या.’ आकडे अर्थातच तुमच्या प्रयोगवहीतले घाला. या चार वाक्यांतून वाचणाऱ्याला पद्धत कळते, कामाचा आवाका कळतो आणि गटात तुमचा वाटा किती होता तेही कळतं. गटाने केलेलं काम एकट्याच्या नावावर खपवलं, तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. उलट, एखादी मोजणी फसली असेल आणि ती का फसली हे तुम्हाला सांगता येत असेल, तर तीही जरूर लिहा. ब्लँक रीडिंग (नमुन्याशिवाय घ्यायची तुलनेची मोजणी) घ्यायचं राहिलं म्हणून आठ नमुने पुन्हा करावे लागले, असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर आमचा विश्वास अधिक बसतो.

मांडणी साधी ठेवा. ए-४ आकाराचं एकच पान, चारी बाजूंना २ सेंमी समास, अक्षर ११ पॉइंट. वर नाव, फोन आणि ईमेल. त्याखाली शिक्षण दोन ओळींत: पदवी, महाविद्यालय, विद्यापीठ, पूर्ण होण्याचा महिना. गुण लिहिताना ‘८.१/१०’ असं मोजमापासह लिहा. नुसत्या ‘८.१’ वरून काही कळत नाही. त्यानंतर लगेच प्रकल्प, मग कौशल्यं, उपलब्ध वेळ आणि शेवटी संदर्भ देणाऱ्या दोन शिक्षकांची नावं. ही नावं त्यांना आधी विचारूनच द्या. अचानक फोन आला आणि सरांना तुम्ही आठवलाच नाहीत, तर सगळंच मुसळ केरात. ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ ही सहीची ओळ सरकारी अर्जात शोभते, इथे ती काढून टाका.

उपलब्ध वेळेची ओळ जवळजवळ कुणीच लिहीत नाही, म्हणून तिच्यावर जास्त भर देत आहोत. ‘वेळ देऊ शकतो’ असं मोघम नको. ‘५ मे ते ३१ जुलै, मंगळवार व गुरुवार दुपारी २ ते ६, शनिवारी सकाळी ९ ते १, आठवड्याला १२ तास’ असं लिहा. परीक्षेच्या तारखा ठाऊक असतील तर त्याही द्या. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना दर दोन-तीन दिवसांनी नवं पोषक माध्यम द्यावं लागतं, रोपांना ठरल्या वेळी पाणी घालावं लागतं. जमेल तेव्हा येणाऱ्या माणसावर अशी कामं सोपवता येत नाहीत.

महाविद्यालयात पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) आणि जेल इलेक्ट्रोफोरेसिस (डीएनएचे तुकडे जेलमध्ये विजेच्या साहाय्याने वेगळे करणं) दाखवलं होतं, मी स्वतः एकदाच केलं. कौशल्यांमध्ये लिहू का? (जैवतंत्रज्ञान, कोल्हापूर)

लिहा, पण तीन गट करा: ‘स्वतंत्रपणे करता येतं’, ‘देखरेखीखाली केलं आहे’ आणि ‘प्रात्यक्षिक पाहिलं आहे’. तुमचं इलेक्ट्रोफोरेसिस दुसऱ्या गटात जाईल. टक्केवारीच्या पट्ट्या किंवा पाचपैकी चार तारे काढू नका. ‘पायथन ८०%’ म्हणजे नेमकं किती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

एक कसोटी लावा: जे लिहिलंत त्यावर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. ५० मिली बफरमध्ये १ टक्का जेल करायला अ‍ॅगरोज किती ग्रॅम लागेल? (अर्धा ग्रॅम.) डीएनए कोणत्या टोकाकडे सरकतो आणि का? नमुना जेलमधल्या विहिरीतून (खाचेतून) बाहेर सांडला तर काय दिसतं? ही उत्तरं अडखळली, तर तेवढी एक ओळच नाही, सगळा रेझ्युमे संशयाखाली येतो.

मी साताऱ्यात इतिहासात एम.ए. करते. संशोधन साहाय्यक म्हटलं की सगळे प्रयोगशाळेचंच बोलतात. आमच्या रेझ्युमेत काय दाखवायचं?

तुमच्याकडे दाखवण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त त्याला कौशल्य म्हणायची सवय आपल्याला नाही. मोडीचंच पाहा. ‘मोडी येते’ या दोन शब्दांवरून अभ्यासकाला काहीच ठरवता येत नाही. आंग्लकालीन मोडी सराईतपणे वाचणारा पेशवेकालीन कागदापुढे अडू शकतो आणि शिवकालीन वळण तर आणखी वेगळं. तेव्हा असं लिहा: ‘आंग्लकालीन मोडी स्वतंत्रपणे वाचते, पेशवेकालीन मदतीने, आजवर ४० पृष्ठांचं देवनागरी लिप्यंतर, पैकी ३० पृष्ठं शिक्षकांकडून तपासून घेतली.’ जंत्री (तारखांचे तक्ते) वापरून जुन्या कागदांतल्या शुहूर किंवा फसली सनाचा इसवी सनाशी मेळ घालता येत असेल, तर त्याची स्वतंत्र ओळ करा. मोडी कागदांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला अशी व्यक्ती लगेच हवी असते.

युनिकोड देवनागरी टंकलेखनाचा वेग (मिनिटाला किती शब्द), झोटेरो या संदर्भ-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भसूची करणं, जुन्या कागदांची छायाचित्रं काढून त्यांना दप्तर आणि रुमाल (कागदांचे गठ्ठे) क्रमांकानुसार नावं देणं, हीही कौशल्यंच आहेत. मुलाखतींचं काम केलं असेल तर भाषा, संख्या आणि तास लिहा. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचं शब्दशः लेखन करायला सहज चार ते सहा तास लागतात. त्यामुळे ‘ग्रामीण मराठीतील ९ मुलाखती, एकूण ७ तासांचं लेखन’ या ओळीमागची मेहनत जाणकाराला बरोबर कळते. मुलाखत देणाऱ्यांची लेखी संमती घेतली होती का, तेही लिहा. त्या व्यक्तींची नावं मात्र रेझ्युमेत येऊ देऊ नका.

तुमचं क्षेत्र मराठी साधनांचं असेल तर मराठी रेझ्युमे चालतो. पाठवण्याआधी त्या संस्थेचा पत्रव्यवहार कोणत्या भाषेत चालतो ते पाहा. विज्ञान संस्थांना मात्र इंग्रजीतच पाठवा.

मी नांदेडला संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. अनुभव शून्य. रेझ्युमे कोरा ठेवू का?

कोरा ठेवायचं कारण नाही, पण महिनाभर थांबा आणि तेवढ्यात एक छोटं काम पुरं करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची (२०१९-२१) जिल्हावार पत्रकं सर्वांना खुली आहेत. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचे दोन निर्देशक घ्या, समजा मुलींचं अल्पवयातलं लग्न आणि स्त्रियांचं शालेय शिक्षण. आकडे एका तक्त्यात आणा, आर किंवा पायथन या संगणकीय भाषेत विखुरचित्र (स्कॅटर प्लॉट) काढा, सहसंबंध मोजा आणि मर्यादांसह एक पान लिहा. सहसंबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही, हे त्या पानात आवर्जून यायला हवं. तक्ता, कोड आणि टिपण गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवून रेझ्युमेत दुवा द्या.

आकडे हाताने भरताना चुका होतातच. म्हणून दहा जिल्हे चिठ्ठ्या टाकून निवडा, मूळ पत्रकाशी पुन्हा ताडून पाहा आणि किती चुका निघाल्या ते टिपणात लिहा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने स्वतःहून पडताळणी केली, ही गोष्ट कुठल्याही ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा वजनदार ठरते.

लग्न आणि मुलांमुळे आठ वर्षं खंड पडला. तो लपवता येईल का?

लपवू नका. ‘२०१६-२०२४: कौटुंबिक जबाबदारी’ एवढी एक ओळ पुरे, स्पष्टीकरण नको. त्याच्या वर, म्हणजे शिक्षणाच्याही आधी, गेल्या वर्षभरात केलेलं ताजं काम ठेवा. जुन्या तंत्रांपुढे शेवटचं कधी वापरलं ते वर्ष लिहा.

ईमेलमध्ये काय लिहायचं? आणि काही ठिकाणी ‘रिसर्च इंटर्नशिप’साठी पैसे मागतात, ते द्यावेत का?

ईमेल आठ-दहा ओळींचा असावा. विषयात काम, कालावधी आणि तुमचं शिक्षण येऊ द्या. पहिल्या परिच्छेदात त्या प्राध्यापकांचा एक शोधनिबंध खरोखर वाचून त्यातल्या एखाद्या आकृतीबद्दल किंवा पद्धतीबद्दल एक नेमका प्रश्न विचारा. ‘आपल्या महान कार्याने प्रभावित झालो’ हे वाक्य चाळीस जणांना पाठवता येतं आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. रेझ्युमे पीडीएफमध्ये जोडा, फाइलला तुमचं नाव द्या. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा.

पदनाम जपून वापरा. मागे कुठे बिनपगारी काम केलं असेल, तर ‘स्वयंसेवी संशोधन साहाय्यक’ असंच लिहा. ‘रिसर्च असोसिएट’ हे साधारणपणे पीएच.डी.नंतरचं पद आहे. ‘जेआरएफ’ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) ही तर सरकारी दराची फेलोशिप, १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे. ही नावं चुकीची वापरली, तर त्याला अज्ञान नाही, खोटेपणा समजलं जातं.

पैसे भरून मिळतं ते प्रशिक्षण. ते हवं असेल तर खुशाल घ्या, पण रेझ्युमेत ‘प्रशिक्षण’ या मथळ्याखालीच लिहा. बिनपगारी कामाला होकार देण्याआधी मार्गदर्शक कोण, आठवड्याला तास किती, कधीपासून कधीपर्यंत आणि शेवटी अनुभवपत्र मिळणार का, हे ईमेलवर लेखी घ्या. महाविद्यालयाच्या श्रेयांकांसाठी (क्रेडिट्स) हे काम धरायचं असेल, तर विभागप्रमुखांचं पत्र काम सुरू होण्याआधीच हातात असू द्या. काम संपल्यावर मागायला गेलात, तर त्या तासांची नोंद कोण प्रमाणित करणार इथेच गाडी अडते.