मालक मार्क द्यायला बसलेले नसतात

प्रश्न : मी प्रॉडक्शन इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या गटाने भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये प्रोजेक्ट केला. तिथे प्रेसवरची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला ५२ मिनिटं लागायची, आमच्या पद्धतीने ३३ लागली. चाचणी मात्र एकदाच घेता आली. दोन आठवड्यांनी मालक आणि त्यांच्या मॅनेजरांसमोर प्रेझेंटेशन आहे. मशीनपाशी उभं राहून मोजमापं मी घेतली, पण मी मराठी माध्यमातली, इंग्लिश अडखळतं. गटाचं म्हणणं, फाडफाड इंग्लिश बोलणाऱ्या मित्रानेच सगळं बोलावं. मी गप्प बसू का? सोबत स्लाइड्स पाठवतेय. – विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : अजिबात नको. पहिल्या पाच मिनिटांत मॅनेजर विचारतील, "बोल्ट शोधण्यात नेमका किती वेळ जात होता?" तेव्हा तुझा मित्र तुझ्याकडेच बघणार. त्यापेक्षा सुरुवात त्याने करावी आणि मशीनवरचा भाग तू मराठीतच सांगावा. भोसरीतल्या शॉपवर दिवसभर मराठी आणि हिंदीच कानावर पडते, आणि सेटिंग, स्ट्रोक, रिजेक्शन हे शब्द तर दोन्हींत तेच. भाषा कोणती चालेल हे मालकांच्या ऑफिसात आधी फोन करून विचारलंत तर प्रश्नच मिटला.

मला काळजी आहे ती तुमच्या स्लाइड्सची. एकूण २२, त्यातल्या पहिल्या सहा कंपनीच्या माहितीच्या. अगं, ज्यांनी कंपनी काढली त्यांनाच ती कधी निघाली हे सांगणार? मी नोकरीत असताना अशी प्रेझेंटेशन्स टेबलाच्या पलीकडे बसून ऐकली आहेत. चौथ्या स्लाइडला साहेबांचा हात मोबाइलकडे जायचा आणि नंतर चांगलं काही आलं तरी ते निसटायचं. सर मार्क देतात ते तुम्ही कसं शोधलंत याला. मालकांना एवढंच ठरवायचं असतं, की हे करायचं का आणि खर्च किती. म्हणून पहिलीच स्लाइड अशी हवी : डाय बदलताना १९ मिनिटं वाचतात, दिवसात तीनदा बदलली तर जवळजवळ तासभर प्रेस जास्त चालेल. (दिवसात खरंच किती वेळा बदलतात ते त्यांच्याच रजिस्टरमधून घे, माझा आकडा अंदाजाचा आहे.) त्याखाली लगेच, बोल्टची ट्रॉली आणि पान्यांचा बोर्ड बनवायला येणारा खर्च.

'एसएमईडी'वरच्या ('सिंगल मिनिट एक्सचेंज ऑफ डाय', म्हणजे डाय झटपट बदलण्याची पद्धत) तीन स्लाइड्स कॉलेजच्या व्हायव्हासाठी ठेवा. जपानी इंजिनीअर शिगेओ शिंगो यांच्या या पद्धतीच्या नावातच एक आकडी मिनिटं आहेत, म्हणजे दहाच्या आत. ते नाव पडद्यावर झळकवलंत आणि खाली ३३ लिहिलंत, तर मॅनेजर हसून विचारतील, "मग बाकीची २३ कुठे अडली?" त्यापेक्षा साधं सांग : फोर्कलिफ्टची वाट पाहणं, बोल्ट गोळा करणं, पुढची डाय रॅकवरून काढणं ही कामं प्रेस चालू असतानाच उरकता येतात. शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर उरणारी उंची) लावणं, डाय क्लॅम्प करणं ही प्रेस थांबवूनच. पहिली कामं आधी उरकली, म्हणून वेळ वाचला.

एकाच चाचणीची गोष्ट तू मला पत्रात लिहिलीस, स्लाइडवर मात्र ती नाही. ती तिथे हवीच, कोणत्या शिफ्टला, कोणत्या डायवर, हेही. दिवसपाळीत, तुम्ही चौघं घड्याळ घेऊन उभे असताना कुणाचेही हात भराभर चालतात, हे मालक तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात. ट्रॉलीची कल्पना ऑपरेटरकाकांची असेल तर तसं त्यांच्या नावानिशी सांगा. तुम्ही गेल्यावर ती पद्धत टिकवायची आहे त्यांनाच.

आणि फोटो. डायचा क्लोजअप लिंक्डइनवर टाकायचा बेत दिसतोय. तो मालकांच्या लेखी परवानगीशिवाय नको. प्रेस शॉपमधली डाय बरेचदा त्या शॉपची नसतेच, ज्या मोठ्या कंपनीचं काम चालतं तिची असते. तुमच्या हौसेपायी त्यांना तिकडे उत्तरं द्यावी लागतील.

अजून दोन आठवडे आहेत. पुढची डाय कधी बदलणार ते सुपरवायझरना उद्याच विचार आणि आणखी दोनदा तरी वेळ मोज. ३३ ची ३८ झाली तर ३८ लिही. सेकंड शिफ्टला मोजता आलं तर उत्तमच. फक्त परतायला रात्र होईल, तेवढं घरी आधी सांगून ठेव.