वाचलेल्या पुस्तकांची चर्चा आणि कुलूपबंद कपाट

ताई, आपण लिहिले आहे की दारव्हा तालुक्यातील आपल्या गावी पाच-सहा वाचक डिसेंबरअखेर एकत्र बसतात, प्रत्येक जण वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची नावे सांगतो आणि बोलणे तेथेच संपते, कारण एकाने वाचलेले दुसऱ्याने पाहिलेलेही नसते. आणि तालुक्याच्या ग्रंथालयात पुस्तक मागितले तर ‘अजून नोंद व्हायची आहे’ असे उत्तर मिळते. आर्वीकडच्या आमच्या गटाने हेच भोगले असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे. माणसे कशी जमवावीत, हे आपणांस सांगण्याची गरज दिसत नाही.

आमचे सर्वाधिक नुकसान एका शासनमान्य ग्रंथालयाने केले. नाव घेत नाही. तेथे वर्षभराची खरेदी मार्चच्या तोंडावर एकगठ्ठा होत असे. नवी पुस्तके दाखल नोंदवहीत चढेपर्यंत मिळत नसत, नोंद झाल्यावर ‘तपासणी व्हायची आहे’ हे कारण पुढे येई, आणि तपासणी होऊन अधिकारी परत गेले तरी काचेच्या कपाटाचे कुलूप काही निघत नसे. चर्चेसाठी ठरवलेली कादंबरी त्या काचेआडून समोर दिसत होती आणि चर्चेचा दिवस मात्र उलटून गेला. गटातील दोन शिक्षक त्यानंतर पुन्हा आलेच नाहीत. पुस्तके फाटतील या भीतीने ती वाचकांपासूनच सांभाळणाऱ्या ग्रंथालयाला अनुदान कशासाठी द्यायचे, हा प्रश्न मला आजही पडतो.

तेव्हा तोंडी विनंत्यांत वेळ घालवू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावी. ही ग्रंथालये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता व अनुदान घेतात, त्यामुळे त्या कार्यालयाने विचारणा केली की उत्तर टाळणे त्यांना जड जाते. मी ग्रंथालय खात्यातला नाही, सर्वत्र असाच अनुभव येईल असेही म्हणत नाही.

माझे स्पष्ट मत असे की यादी वाचून दाखवणे म्हणजे चर्चा नव्हे. वर्षभरात कोणी काहीही वाचावे, पण निदान एक पुस्तक सर्वांनी वाचलेले असावे आणि त्याच्या दोन-तीन प्रती वर्गणीतून घ्याव्यात. आम्ही उद्धव शेळके यांची १९६० सालची ‘धग’ ही कादंबरी घेतली. तिच्यातील नायिका कौतिकने नवऱ्याला, महादेवला, इतके सांभाळून घ्यावे का, यावर जी वादावादी झाली तिच्यात एरवी गप्प बसणाऱ्या, वेचणीला जाणाऱ्या एक काकूच सर्वाधिक बोलल्या. संवादांतली वऱ्हाडी त्यांच्या घरचीच होती आणि ‘मला साहित्यातले काय कळते’ हा संकोच पहिल्या काही पानांतच गळून पडला होता.

पुस्तके टपालाने मागवायची असल्यास, छापील पुस्तकांची जुनी नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली असून १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही टपालसेवा सुरू आहे. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे होते; आजचा दर टपाल कार्यालयात विचारून घ्यावा. पाकिटे रस्ता-रेल्वेनेच येतात, म्हणून पुरेसे दिवस हाताशी ठेवावेत. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांना महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरील पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात, मात्र आमच्याकडील वयस्करांना पडद्यावर वाचणे मानवले नाही.

आणि डिसेंबर सोडाच. त्या दिवसांत कापसाची वेचणी असते, हरभऱ्याला पाणी द्यायचे असते आणि शेतीपंपाची वीज रात्रीची असली तर माणूस दिवसा डुलक्या घेतो. अशा माणसाकडून यंदा काय वाचले याचा हिशेब मागणे मला अन्यायाचे वाटते. होळीनंतर पुस्तक वाटावे आणि मृगाच्या आधी, पेरणीची धावपळ सुरू होण्यापूर्वी, बैठक घ्यावी. पहिल्या वर्षी दोनशे पानांच्या आतलेच पुस्तक निवडावे, म्हणजे मोजक्या प्रती सर्वांच्या हातून फिरून वेळेत परत येतील.