बांध भादरायच्या आधी: झाडोरा, झटका आणि सावलीच्या प्रश्नांना उत्तरं

ऊस तुटून गेला की बांध उघडा पडतो आणि मग फोन सुरू होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्याकडे बियाण्यापेक्षा बांधाचीच विचारणा जास्त असते. यंदा आलेल्यांपैकी काही प्रश्न इथं घेतो. नावं-गावं गाळली आहेत, कारण बांधाचा विषय निघाला की अख्खी भावकी वाचायला बसते.

कागल भागातून एक शेतकरी विचारतात: "साहेब, पूर्वेचा बांध दहा वर्षांत कुणी शिवलेला नाही. घाणेरी, सुबाभूळ, बाभूळ, बोरी, वर वेल. उंदीर आणि डुकरं तिथंच दबा धरून बसतात, कडेच्या चार सऱ्यांचा ऊस हाताला लागत नाही. जेसीबीवाला म्हणतो दोन तासांत साफ करतो. करून घेऊ का?"

दादा, घाई करू नका. जेसीबीचं भाडं तासावर असतं. चालवणारा झाड बघत नाही, घड्याळ बघतो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. मी नोकरीला लागायच्या आधी वडिलांनी ओढ्याकडचा बांध असाच चकाचक करून घेतला. बाभळीचे बुंधे मुळासकट उपटले आणि खड्डे भुसभुशीत मातीनं बुजवले. जूनच्या पावसात काही झालं नाही. जुलैत ओढा फुगला आणि जिथं जिथं बुंधा होता, नेमकं तिथंच बांधाला भगदाड पडलं. तीन बुंधे, तीन भगदाडं. वरच्या वाफ्यातली काळी माती खालच्या रानात जाऊन बसली, ती परत कोण आणून देणार? तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे: बांधावरचं मोठं झाड काढायचं झालं तर जमिनीलगत कापा, मूळ बांधात राहू द्या. मूळ हळूहळू कुजतं, तोवर गवताची मुळी जाळं विणते.

आधी एक दिवस हातात काठी नि थोडा चुना घेऊन बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. जे ठेवायचं त्या खोडाला चुन्याचं बोट लावा. जे जायचं ते तसंच राहू द्या. गेल्या वर्षी एका शेतकऱ्याबरोबर अशीच फेरी मारत होतो. कोयत्यानं घाणेरीची जाळी बाजूला केली तर खाली हद्दीचा दगड निघाला, शेवाळलेला, अर्धा मातीत. दोन्ही घरं वीस वर्षं 'दगड गेला' म्हणून एकमेकांशी बोलत नव्हती. जेसीबीचा एक फावडा पडला असता तर तो खरंच गेला असता. हद्दीची खूण मुद्दाम काढली किंवा मोडली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये दंडाची तरतूद आहे. दगड सापडत नसेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, झाडोऱ्याचं नंतर बघू.

आता काय काढायचं ते. घाणेरी पहिली जाऊ दे. तिला काही ठिकाणी टणटणीही म्हणतात. नुसती वरून छाटली तर दुप्पट फुटते. शेताला पाणी दिल्यावर बांधाची कड ओली असते, तेव्हा कुदळीनं जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून मुळं उन्हाकडे ठेवा. काळी फळं धरायच्या आत हे झालं तर उत्तम, कारण पाखरं ती फळं खातात आणि बी गावभर पेरतात. एक सांभाळा: कापून सुकत पडलेला घाणेरीचा पाला जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका. त्यानं कावीळ होते, मग उन्हात नाकाडाची आणि आचळांची कातडी सोलवटते. दुभत्या म्हशीला हे झालं तर बांध साफ केल्याचा आनंद तिथंच संपतो.

सुबाभूळ चिवट आहे. कापली की फुटतेच, आणि पडलेलं बी वर्षानुवर्षं उगवत राहतं. तिच्याशी एकदाच भांडून चालत नाही, दर महिना-दीड महिन्यानं नवा फुटवा तोडत राहा. तो पाला शेळ्यांना चालतो, पण एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच. जास्त झाला तर जनावराचे केस गळतात.

बाभूळ आणि कडुनिंब मात्र सगळे तोडू नका. ऊसवाल्यांनो, हे नीट ऐका. वळीव पडला की हुमणीचे (उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात आणि बाभूळ, निंब, बोर यांच्या पाल्यावर बसतात. तिथंच मिलन होतं, मग मादी जमिनीत परत जाऊन साधारण ५० ते ६० अंडी घालते. त्या अंड्यांतून निघालेली हुमणी पुढं जुलै ते ऑक्टोबरमध्ये उसाची मुळं कुरतडते. झाडं काढली म्हणून भुंगेरे थांबत नाहीत, ते शेजारच्या बांधावर बसतात आणि अंडी तुमच्याच मऊ सरीत घालतात. त्यापेक्षा बांधावर एखाद-दुसरी बाभूळ आटोपशीर छाटून ठेवा. मे-जूनमध्ये रात्री आठच्या सुमारास खाली ताडपत्री अंथरा, फांद्या हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. हे पूर्ण गल्लीनं एकाच आठवड्यात केलं तरच गुण येतो. एकट्यानं केलं तर शेजाऱ्याचे भुंगेरे तुमच्याकडे पाहुणे येतात.

उंदरांचं म्हणाल तर त्यांना आडोसा हवा असतो, झाड नको असतं. बुंध्याजवळची गचपण काढा, खालच्या फांद्या कमरेपर्यंत उडवा, बांधाच्या दोन्ही कडांना गवत आखूड ठेवा. उघड्या जागेत उंदराला घुबडाची भीती असते. वर झाडच नसेल तर घुबड बसणार कुठं?

भुदरगडच्या डोंगराकडून एका भगिनींचा प्रश्न: "गव्यांसाठी कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं सौरऊर्जेवरचं झटका मशीन बसवलंय. उन्हाळ्यात चांगलं चाललं. पावसाळ्यात मशीन टिकटिक करतं, पण तारेत जोर नाही. मशीन बिघडलं का?"

ताई, मशीन बहुतेक ठीकच असेल, तुमची तार झुडपांना झटका देते आहे. ओली वेल किंवा गवताचं पातं तारेला टेकलं की करंट त्यातून जमिनीत उतरतो. एका पात्यानं काही बिघडत नाही, पण दोनशे फूट कुंपणावर पाचशे पाती टेकली तर गव्यापर्यंत पोचायला उरतं काय? मशीन बंद करा आणि सगळ्यात खालच्या तारेखाली दोन्ही बाजूंना दीड-दोन फुटांची पट्टी खुरप्यानं स्वच्छ करा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला फेरी मारायची. वेल वर चढलेली असेल तर ओढू नका, बुडाशी कापा, तारेवरची आपोआप वाळेल. झाडालाच थेट तार ठोकली असेल तर तिथं इन्सुलेटर बसवा.

ब्रश कटर वापरणार असाल तर गड्याला सांगा, की जुन्या कुंपणाची गंजकी काटेरी तार झुडपात लपलेली असते. ती पात्यात गुंडाळली तर मशीन हातातून उसळतं. पायात गमबूट, डोळ्यावर चष्मा. आणि कुंपणापलीकडे वनखात्याची हद्द असेल तर तिकडची घाणेरीसुद्धा विचारल्याशिवाय तोडू नका.

झटक्याला जोर नाही म्हणून घरातल्या लाइटची तार कुंपणाला जोडणारे अजून भेटतात. तो गुन्हा आहेच, पण त्यात गव्याआधी आपलाच माणूस जातो.

हातकणंगलेतून: "एवढी मेहनत कशाला, तणनाशक मारून मोकळं होऊ का?"

नको. ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये निर्बंध घातले आणि त्याची फवारणी फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरती ठेवली. दुकानात काय मिळतं तो भाग वेगळा. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक वाऱ्यानं उडतं. तुमचा बांध जळेल, पण शेजारचा टोमॅटो, वांगी, द्राक्षंही आकसतील आणि भरपाईची भाषा सुरू होईल. शिवाय फवारून उघडा पडलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात धुपतो.

पन्हाळ्याकडून: "शेजाऱ्याच्या बांधावर एक आंबा नि चार साग आहेत. सावलीनं आमचं रान मार खातं. फांद्या आम्हीच तोडल्या तर चालेल का?"

हक्काचं तुम्हाला वकील सांगेल, मी शेतीचं सांगतो. आधी झाडं तुमच्या रानाच्या कुठल्या अंगाला आहेत ते बघा. डिसेंबरच्या भर दुपारी आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला असतो. तेव्हा ३० फूट उंच झाडाची सावली साधारण २५ फूट उत्तरेला पडते. म्हणजे दक्षिणेच्या बांधावरचं झाड तुमच्या रब्बीला मारतं, उत्तरेच्या बांधावरचं झाड दुपारी तुमचं काही बिघडवत नाही. पूर्व-पश्चिमेची झाडं सकाळ-संध्याकाळ लांब सावली टाकतात, पण ती सरकती असते. पुष्कळ वेळा लोक सावलीला दोष देतात आणि खरा चोर मुळं असतात. बांधाच्या कडेनं दोन फूट खोल चर काढा, आडवी आलेली मुळं तोडा आणि चर परत बुजवा. खोडापासून पाच-सहा फुटांच्या आत मात्र जाऊ नका, नाहीतर वादळात झाड तुमच्याच रानात आडवं व्हायचं.

छाटणीचं शेजाऱ्याशी बोलून ठरवा. आंब्याची फांदी फळं उतरल्यावर, सागाच्या बाजूच्या फांद्या उन्हाळ्यात. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर महावितरणच्या लाइनमनला सांगून लाइन बंद करून घ्या, अंदाजानं कुऱ्हाड घालू नका.

झाडच तोडायचं ठरलं तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लक्षात ठेवा. आंबा, साग, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, मोह, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन, बिजा, हळदू, तिवस ही झाडं स्वतःच्या सातबाऱ्यावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तालुक्याच्या वनक्षेत्रपाल कार्यालयात आधी विचारा, आणि लाकूड गाडीत भरायच्या आधी वाहतूक पासाचंही तिथंच विचारून घ्या. झाड पडल्यावर परवानगी मागायला आलेले लोक मी पाहिले आहेत. तेव्हा बोलण्यासारखं फार काही उरत नाही.

शेवटचा प्रश्न शिरोळहून: "काढलेला ढीग पेटवून दिला तर?"

मार्चच्या वाऱ्यात, शेजारी खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला ऊस) आणि पाचट (उसाचा वाळका पाला) असताना? एक ठिणगी चार एकर नेते. काटेरी फांद्या कुंपणाच्या खिंडारात लावा, घाणेरीचा वाळका पाला जनावरांपासून दूर खड्ड्यात कुजवा, जाड लाकूड जळणाला ठेवा. बांध जिथं मोकळा झाला तिथं जूनमध्ये गिरिपुष्पाचे तीन-चार फुटी दांडे रोवा आणि कडेला वाळा लावा. गिरिपुष्पाचा पाला पुढं सरीत हिरवळीचं खत म्हणून येतो.

जळणाचा ढीग बांधावर फार दिवस ठेवू नका. ठेवलाच तर उपसताना आधी लांब काठीनं हलवा, मग हात घाला. घोणस तिथं हमखास असते आणि ती नागासारखी पळून जात नाही, जागेवर बसून राहते.