चौदा पानांचा मेनू

प्रश्न : नमस्कार सर, मी राजारामपुरीतल्या एका पतसंस्थेत कामाला आहे. "तुला कॉम्प्युटर येतंय की" एवढ्यावरच संस्थेचं लाइफरे (वेबसाइट बनवायचं-चालवायचं सॉफ्टवेअर) पोर्टल माझ्या गळ्यात पडलंय. वर मेनूत १४ पानं आहेत, लॅपटॉपवर दोन ओळी होतात आणि मोबाइलवर तर बघायलाच नको. आधीच्या माणसानं सर्व्हरवरच्या फायलींत हात घालून काहीतरी जमवलं होतं, ते अपग्रेडनंतर सगळं गेलं. मी होमपेजच्या तीन कॉलमचे दोन केले तर पिग्मीचा कॅल्क्युलेटर पार खाली जाऊन बसला. साहेब रोज विचारतात, झालं का?

उत्तर : साहेबांना म्हणावं दोन दिवस थांबा, होतंय.

कॅल्क्युलेटर पहिला घेऊ, कारण तो सोपा आहे. लेआउटमधल्या, म्हणजे पानाच्या मांडणीतल्या, प्रत्येक कॉलमला नंबर असतो, आणि नव्या लेआउटमध्ये तिसरा कॉलमच नसेल तर त्यातले विजेट (पानावर ठेवलेले कॅल्क्युलेटरसारखे तुकडे) शेवटच्या कॉलमच्या तळाला ढकलले जातात. काही हरवलेलं नाही, माउसनं ओढून वर घ्या. पण वर घेताना मोबाइलचा विचार करा. आतली रचना बूटस्ट्रॅप या वेब डिझाइनच्या तयार साच्याच्या १२ भागांच्या ग्रिडवर असते, म्हणजे डावीकडं ४ उजवीकडं ८ असं, आणि स्क्रीन ७६८ पिक्सेलपेक्षा अरुंद झाली की कॉलम शेजारी न राहता एकाखाली एक येतात, पहिला कॉलम वर. डाव्या कॉलममध्ये अध्यक्षांचं मनोगत असेल तर पिग्मीवाला माणूस आधी ते सगळं मनोगत अंगठ्यानं ढकलणार आणि मग कॅल्क्युलेटर बघणार! कॅल्क्युलेटर पहिल्या कॉलममध्येच ठेवा.

आता मेनू. खरी गोची इथं आहे की तुमच्याकडं पानांची यादी म्हणजेच मेनू असं धरून चाललंय. पूर्वी लाइफरेत तसंच होतं, पण २०१८ च्या ७.१ व्हर्जनपासून मेनू वेगळा बनवता येतो, पानं कुठंही असूदेत. अंबाबाईच्या देवळात महाद्वारातून या नाहीतर घाटी दरवाजातून, गाभारा तोच, तसं आहे हे. साइट बिल्डरमध्ये नेव्हिगेशन मेनूज उघडायचं, नवीन मेनू करायचा, त्याला प्रायमरी नेव्हिगेशन अशी खूण करायची. वर पाचच नावं ठेवा : ठेवी, कर्ज, पिग्मी, शाखा, संपर्क. बाकीचं सबमेनूत घाला, सबमेनूला स्वतःचं पान लागत नाही, नुसतं नाव चालतं. संचालक मंडळ आणि वार्षिक अहवाल यांचा दुसरा छोटा मेनू करून फूटरला, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीला, लावा. संचालकांना वाईट वाटेल, ते तुम्ही निभावून न्या, त्याला माझ्याकडं सेटिंग नाही.

एवढं करून वरचा मेनू हललाच नाही तर थीम, म्हणजे साइटचं रंगरूप ठरवणाऱ्या फायलींचा संच, बघा. जुन्या थीमच्या नेव्हिगेशनच्या फ्रीमार्कर (टेम्प्लेट लिहायची भाषा) फाइलीत बऱ्याचदा पानांच्या यादीवर फिरणारं लूप लिहिलेलं असतं, ते तुमचा नवा मेनू विचारतच नाही. तिथं लूप काढून नेव्हिगेशन मेनूचं विजेट बसवायचं.

आणि हा बदल सर्व्हरवरच्या मूळ फायलीत करू नका बरं का! आधीच्या भावानं बहुतेक टॉमकॅटच्या (लाइफरे ज्यावर चालतं त्या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या) वेबॅप्समधल्या रूट फोल्डरमध्येच हात घातला असणार, अपग्रेडला तो फोल्डर नवा कोरा येतो, मग जाणारच की. स्वतःची थीम करायची, तिची वॉर फाइल (सगळी थीम एकत्र बांधलेली फाइल) लाइफरेच्या डिप्लॉय फोल्डरमध्ये टाकायची, सर्व्हर चालू असतानाच ती उचलली जाते. मोठं व्हर्जन बदललं की थीम नव्याशी जुळवून घ्यावी लागते, पण निदान केलेलं काम तुमच्या हातात राहतं.

प्रश्न : आमचंपण लाइफरेच आहे. "माझं खातं" हे पान फक्त लॉगिन केलेल्या सभासदांना दिसावं म्हणून मी ते मेनूतून लपवलं. बरोबर ना? (कागल)

उत्तर : नाही हो! मेनूतून लपवलं म्हणजे फक्त पाटी काढली, दार उघडंच आहे. ज्याला पत्ता माहितीय तो थेट टाकून आत येतो. पानाच्या परमिशन्समध्ये जा, गेस्ट (लॉगिन न केलेला माणूस) या रोलपुढची व्ह्यूची, म्हणजे बघण्याची, खूण काढा आणि सभासदांच्या रोलला ती द्या. मग ज्याला परवानगी नाही त्याला मेनूत ते नाव आपोआपच दिसत नाही, वेगळं लपवायला नको. झालं की इन्कॉग्निटो विंडोत लॉगिन न करता तोच पत्ता टाकून बघा, तुमच्या नेहमीच्या विंडोत तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असता, तिथं सगळंच दिसणार.