मोठं कुणी नसताना मुलांमध्ये नेता कसा ठरतो, आणि त्यांच्या भांडणात आपण पडावं का?

तुम्ही विचारलंय की मोठी माणसं जवळ नसताना मुलांमध्ये पुढारी कोण होतो आणि भांडणं कशी मिटतात. खाली लिहिलंय की तुमच्या सोसायटीत आई-वडील कामावर गेले की पोरं संध्याकाळपर्यंत आपापलीच असतात, त्यातला एक मोठा मुलगा सगळ्यांवर हुकूम सोडतो आणि तुमच्या मुलाला ते जाचतं. मध्ये पडावं का?

आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. नुसता हुकूम सोडतो म्हणून मध्ये पडू नका. तुमच्या मुलाला त्या टोळीतून मनात येईल तेव्हा उठून घरी येता येतं का, आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत खेळायला घेतात का, एवढं बघा. दोन्ही होत असेल तर तो मोठा मुलगा पुढारी आहे, जरा कडक असेल. उठून आल्यावर तुमच्या मुलाला मार बसत असेल, त्याच्याकडून काही उकळलं जात असेल किंवा सगळ्यांना त्याच्याशी बोलायची बंदी होत असेल, तर मात्र त्याच दिवशी खाली उतरा.

मी कुर्ल्याला चाळीत वाढले आणि आता कुर्ला टर्मिनसवर एकट्या उतरणाऱ्या मुलांसोबत काम करते, म्हणून या विषयावर मला बोलायचंय.

चाळीत दुपारी दोन ते पाच राज्य आमचं असायचं. पुरुष कामावर, बायका जरा आडव्या झालेल्या. पाच वाजता नळाला पाणी यायचं, तोवर डाव संपवायचा. भिडू वाटून घेण्याची आमची पद्धत तुम्हीही केली असेल. दोन कॅप्टन ठरायचे. बाकीच्यांनी जोड्या लावायच्या, आणि जोडीतले दोघं साधारण सारख्या ताकदीचे हवेत हे त्या दोघांनीच बघायचं. मग बाजूला जाऊन गुपचूप नावं घ्यायची, एक चंद्र, एक सूर्य, आणि गळ्यात हात टाकून कॅप्टनसमोर यायचं: चंद्र घेणार की सूर्य? चंद्र कोण हे कॅप्टनला ठाऊक नसायचं, त्यामुळे आपले दोस्त एका बाजूला ओढायची सोयच नव्हती. हे आम्हाला कुठल्याही बाईंनी शिकवलं नव्हतं. वरच्या वर्गातली मुलं करायची, त्यांना बघून आम्ही शिकलो.

कुणाचा तरी धाकटा भाऊ शेपटासारखा मागे असायचाच. त्याला घेतलं नाही तर त्याला सांभाळणाऱ्या बहिणीलाही खेळता यायचं नाही. म्हणून तो कच्चा लिंबू. आउट झाला तरी त्याला परत बॅट, त्याला जोरात बॉल टाकायचा नाही, त्याचे रन धरायचे नाहीत. बॅट ज्याची त्याला पहिली बॅटिंग. यात न्याय कुठे, असं वाटेल, पण तो बॅट घेऊन वर गेला की खेळच खलास. आणि त्यालाही माहीत असायचं की सगळे घरी गेले तर नुसती बॅट घेऊन तो करणार काय.

आउट की नॉट आउट यावर मात्र अंगावर जाण्यापर्यंत वेळ यायची. तेव्हा जो म्हणायचा, 'चल, परत टाक, पाणी यायची वेळ झाली,' आणि ज्याचं बाकीचे ऐकायचे, तो आमचा खरा कॅप्टन. सगळ्यात चांगला खेळणारा तो नसायचा. सगळ्यात दांडगाही नसायचा. डाव मोडू न देणं ज्याला जमायचं त्याच्याकडे ते आपसूक जायचं. तळमजल्यावरचे काका न्याय करायला बाहेर आले की पोरं एकमेकांशी बोलायचं सोडून काकांशी बोलायला लागायची. मग कोण किती मोठ्याने रडतो यावर निकाल लागायचा, आणि पुढचे चार दिवस कट्टी.

खेळ कधीही सोडून जाता येतो. पण जाता येत नसेल तेव्हा?

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मी शाळेत होते. मिठी नदी जवळच. आमच्या शाळेच्या दोन इमारती आणि मध्ये मैदान. दुपारनंतर मैदानात छातीएवढं पाणी आलं. शिक्षक पलीकडच्या इमारतीत प्राथमिकच्या मुलांपाशी अडकले, आमच्या वरच्या मजल्यावर आम्ही सातवी-आठवीची मुलं तेवढी उरलो. दिवे गेलेले. वर्गाची मॉनिटर हुशार मुलगी होती, पण ती गांगरून गेली. पुढे आला तो शेवटच्या बाकावरचा, रोज बाहेर उभा राहणारा मुलगा. तो मिठीच्या काठच्या वस्तीतला, पाणी घरात शिरताना त्याने आधी पाहिलेलं. जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने रेघ मारून तो म्हणाला, ही रेघ बुडाली की सांगा, तोपर्यंत कुणी रडायचं नाही. मग त्याने मॉनिटरला वही काढायला लावली आणि दर थोड्या वेळाने हजेरी घ्यायला सांगितली. तिला काम मिळालं, ती सावरली. उरलेले डबे एका बाकावर मांडले, आणि आधी पाचवीतल्या त्या दोन पोरी जेवल्या, ज्या चुकून आमच्या मजल्यावर आल्या होत्या.

भांडण झालंच. दोघा मुलांना काहीही करून घरी जायचं होतं. एकाने त्याची कॉलर धरली. मला वाटलं आता मारामारी होणार. तो म्हणाला, 'जा, खालच्या वळणापर्यंत जाऊन बघ, मी इथे उभा आहे.' ते दोघं गेले, खालच्या वळणावर अंधारात पाण्याचा आवाज ऐकून आले आणि गुपचूप बाकावर बसले. त्याने अडवलं असतं तर रात्रभर तोच तमाशा चालला असता, असं मला आजही वाटतं. सकाळी शिक्षक आले तेव्हा तो भिंतीला टेकून झोपला होता.

याच्याशी जुळणारी, याहून कितीतरी मोठी एक खरी घटना आहे. जून 1965 मध्ये टोंगा या पॅसिफिकमधल्या देशातली, बोर्डिंग शाळेत शिकणारी सहा मुलं दुसऱ्याची होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि 'अटा' नावाच्या निर्जन बेटाला लागली. तिथे ती पंधरा महिने राहिली. सप्टेंबर 1966 मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाला ती सापडली, तेव्हा सहाही जण जिवंत होते. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, पेटवलेली आग विझू दिली नव्हती, एकाचा पाय मोडला तर काठ्या बांधून बसवला होता आणि त्याचं काम वाटून घेतलं होतं. भांडणाचा त्यांचा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो: दोघांचं जुंपलं की एकाने बेटाच्या या टोकाला जायचं, दुसऱ्याने त्या, आणि डोकं शांत झाल्यावर परत यायचं. बेट सोडून जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी बेटावरच बाजूला व्हायची जागा ठेवली. अर्थात ती आधीपासूनची दोस्त होती, एका शाळेची होती, हे विसरून चालणार नाही.

दोस्ती आधीची असली की किती फरक पडतो, हे एका प्रयोगातून दिसलं. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने 1954 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अकरा वर्षांच्या आसपासची 22 मुलं शिबिराला नेली, त्यांचे दोन गट पाडले आणि आधी एकमेकांना दिसूसुद्धा दिले नाहीत. मग स्पर्धा लावल्या. जिंकणाऱ्याला पदकं आणि चाकू, हरणाऱ्याला काहीच नाही. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालणं सुरू झालं. हा प्रयोग 'मुलं मुळातच अशी' म्हणून सांगितला जातो तेव्हा मला चीड येते. गट मोठ्यांनी पाडले, बक्षीस मोठ्यांनी ठेवलं, शिबिराचे कर्मचारी म्हणून वावरणारेही संशोधकच होते. आदल्या वर्षी, 1953 मध्ये, त्यांनीच न्यूयॉर्क राज्यात असं शिबिर घेतलं होतं. तिथे मुलांची आधी एकमेकांशी मैत्री होऊ दिली आणि मग गट पाडले, तर चिथावूनही भांडण पेटेना. तो प्रयोग अर्धवट सोडावा लागला. ओक्लाहोमातली तेढ कमी झाली ती पिण्याच्या पाण्याची लाइन बंद पडल्यावर आणि ट्रक दोरीने ओढायची वेळ आल्यावर, म्हणजे दोन्ही गट लागणारच अशा कामांनी.

आता स्टेशनबद्दल, कारण तिथे मुलं एकटी असतात असं लोकांना वाटतं. उत्तरेकडून येणाऱ्या गाडीतून घर सोडून आलेला मुलगा कुर्ला टर्मिनसला उतरतो, तेव्हा पहिल्या रात्री त्याला जवळ करणारा बहुतेक वेळा दुसरा मुलगाच असतो. झोपायचं कुठे, नळ कुठे, कुणापासून लांब राहायचं, हे तो सांगतो. एक वडापाव तिघांत वाटताना मी पाहिलंय. ज्याने तुकडे केले त्याने शेवटचा उचलायचा, आणि बाकीचे दोघं तुकड्यांकडे डोळे लावून बसलेले. इतका चोख न्याय घरच्या ताटातही होत नाही. पण काही दिवसांनी तोच मोठा मुलगा धाकट्याच्या बाटल्या विकून आलेल्या पैशांतला वाटा घेऊ लागतो. दिला नाही तर मारतो. आणि नीट विचारपूस केली की त्या मोठ्याच्या मागे एखादा मोठा माणूस निघतो, बाटल्या तोलून घेणारा किंवा त्याच्याकडून स्वतःचा हप्ता घेणारा. तिथे आजूबाजूला मोठी माणसं हजारो असतात, त्या मुलांचं मात्र त्यात कुणी नसतं. धाकट्याला जायला दुसरी जागा नाही, म्हणून तो मार खाऊन तिथेच राहतो.

बाल न्याय कायद्याच्या 2016 च्या आदर्श नियमांत बालगृहातल्या मुलांच्या समित्या वयोगटाप्रमाणे वेगळ्या ठेवायला सांगितलंय: 6 ते 10, 11 ते 15 आणि 16 ते 18. ज्याने हे लिहिलं त्याला मुलं कळत होती. सगळ्यांची मिळून एकच समिती केली तर सोळा वर्षांचा बोलेल आणि सात वर्षांचा मान हलवेल.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, ती मुलींची. मे 2023 मध्ये कोलंबियात विमान पडून आई गेली, आणि चार भावंडं चाळीस दिवस अमेझॉनच्या जंगलात तगली. त्यांना सांभाळणारी थोरली बहीण तेरा वर्षांची होती, धाकटं बाळ वर्षाचंही नव्हतं. जगाने तिचं कौतुक केलं. गोवंडीच्या, धारावीच्या गल्लीत दहा-अकरा वर्षांची ताई कडेवर एक आणि हाताशी एक घेऊन रोज तेच करते. भांडण लागलं की दोघांना दोन बाजूंना बसवते, खाऊ मोजून देते. तिचं नेतृत्व बघून मला आनंद होत नाही. तिला शाळेत जाता यावं म्हणून त्या गल्लीत पाळणाघर हवं.

परत तुमच्या सोसायटीकडे येते. तो मोठा मुलगा एखाद्या दिवशी खाली आला नाही तर बाकीच्यांचा खेळ चालतो का, तेवढं गॅलरीतून बघा. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1939 मध्ये दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे: हुकमाने चालणाऱ्या मंडळात म्होरक्या (तिथे तो मोठा माणूस होता) खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं, विचारून चालणाऱ्या मंडळात ते चालू राहायचं. त्याच्याशिवायही डाव रंगत असेल तर निश्चिंत राहा. पोरं तो आला की सुटकेचा श्वास टाकतात की गप्प होतात, तेही दिसेल. सोसायटीच्या गणपतीत 'ए विंग विरुद्ध बी विंग' अशा बक्षिसांच्या स्पर्धा लावत असाल तर यंदा थांबवा, त्याऐवजी दोन्ही विंगच्या मुलांना मिळून मखर करायला द्या. मुलाला 'तूही मार' असं शिकवू नका. 'नको वाटलं की उठून ये, दार उघडं आहे' एवढं सांगा, आणि दुपारी तुमच्या मजल्यावरच्या एखाद्या आजींना खरंच दार उघडं ठेवायला सांगा.

मारहाण, पैसे उकळणं, अंगाला नको तिथे हात लावणं, व्हिडिओ काढून धमकावणं, यातलं काहीही कानावर आलं तर वाट बघू नका. 1098 हा नंबर मुलांसाठी आहे. 1996 मध्ये आपल्या मुंबईतच तो सुरू झाला. आणि त्या मोठ्या मुलाच्या घरीही जा. त्याच्या आईवर ओरडू नका. दिवसभर त्याच्यावर कोण हुकूम सोडतं, आणि त्याला बाजूला व्हायला कुठे जागा आहे का, एवढं विचारा.