आकडे नॉर्मल, मग सासूबाई कण्हतात का?

प्रश्न : सासूबाई ८१ वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, बारा दिवसांपूर्वी घरी आणलं. मी रोज तीनदा बीपी, नाडी, ऑक्सिजन, ताप वहीत लिहिते. सगळं नॉर्मल. विचारलं की ‘काही नाही गं, बरंय’ म्हणतात, रात्री मात्र कण्हतात. घरचे म्हणतात, आकडे चांगले आहेत म्हणजे दुखत नसणार. दुखणं ओळखायचं कसं?
– एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : ताई, दुखतंय असंच धरून चला. एकदम कळ आली की नाडी, बीपी चढतात. पण दुखणं दिवसेंदिवस राहिलं की शरीर सरावतं आणि आकडे जागेवर येतात.

ठाण्यात वॉर्डात नवीन होते तेव्हा दिवाळे गावच्या एका कोळीण आजींच्या चार्टवर मी ‘वेदना नाही’ असं लिहिलं. नाडी ६८, बीपी १२४/८०. राऊंडला आमच्या इन्चार्ज सिस्टरनी काही न बोलता चादर बाजूला केली. आजींच्या पायाची बोटं आवळलेली, पलंगाचा दांडा इतका घट्ट धरलेला की नखं पांढरी पडली होती. बीपीसाठी त्या नाडी संथ ठेवणारी गोळी घेत होत्या, मग नाडी वाढणार कुठून? तो चार्ट मला अजून टोचतो. तुमच्या सासूबाईंच्या गोळ्यांतही तशी एखादी आहे का, डॉक्टरांना विचारा.

‘दुखतंय का?’ असं विचारू नका. त्या पिढीची बाई सुनेला ‘नाही’च म्हणणार. कसं दुखतंय ते विचारा : ठणकतंय, चमक मारते, जळजळतं, की नुसतं भरून आलंय? हे शब्द जसेच्या तसे लिहा, डॉक्टरांना औषध ठरवताना उपयोगी पडतात. किती दुखतंय, ते दवाखान्यात शून्य ते दहात विचारतात. बऱ्याच आजींना ते जमत नाही. मी विचारायचे, ‘सोळा आण्यांपैकी किती?’ लगेच उत्तर यायचं, ‘बारा आणे, सिस्टर.’ पडून असताना एकदा आणि वॉकर धरून उठताना पुन्हा विचारा. पडल्यापडल्या चार आणे असलेलं दुखणं उठताना चौदा आण्यांवर जातं, आणि त्याच भीतीने माणूस चालायचं टाळतो.

तुमच्या वहीत श्वास दिसत नाही. नाडी बघतेय असं दाखवून मनगट धरून ठेवा आणि पदराची कड किती वेळा वर जाते ते पूर्ण एक मिनिट मोजा. मोजताय हे कळलं की श्वास बदलतो. शांत पडलेल्या माणसाचा १२ ते २० असतो.

रात्रीचं म्हणाल तर शेवटची गोळी किती वाजता देता? पॅरासिटामॉलसारख्या गोळीचा असर चार ते सहा तास टिकतो. आठला दिलेली गोळी दोनपर्यंत संपलेली असते. कण्हणं कधी सुरू होतं ते घड्याळ पाहून लिहा आणि डॉक्टरांना दाखवा, वेळ किंवा मात्रा ते बदलतील. केमिस्टकडून दुसरी गोळी आणून देऊ नका, या वयात मूत्रपिंडाला आणि पोटाला जड जाते.

पोटरी सुजली, दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वही बाजूला ठेवा आणि १०८ला फोन करा.