कवडी: प्रजाती, जाती की कुल?

‘कवडी ही समुद्री गोगलगायीची एक प्रजाती आहे’ हे वाक्य बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे.

गोगलगाय बरोबर, प्रजाती चूक. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत उतरंड अशी लागते: संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती हा जातीच्या वरचा गट. बातम्यांमध्ये जातीलाच सर्रास प्रजाती म्हटलं जातं. हिंदीत ते निभावतं, कारण तिथे वरच्या गटासाठी ‘वंश’ आहे. मराठीत मात्र त्यामुळे एक पायरीच नाहीशी होते, आणि मला हे खटकतं.

आपण कवड्या म्हणतो ते प्राणी मिळून एक अख्खं कुल होतं: सायप्रीइडी. त्यात २०० हून अधिक जाती आहेत. प्राण्याच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी ‘इडी’ आलं की ते कुलाचं नाव समजावं, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये कवड्यांना ‘सायप्रिया’ या एकाच प्रजातीत बसवलं होतं. हे नाव सायप्रस बेटाच्या देवीवरून, म्हणजे ॲफ्रोडाइटीवरून आलेलं. पुढे त्या प्रजातीतून अनेक वेगळ्या निघाल्या. मालदीवहून बंगालमध्ये येऊन एकोणिसाव्या शतकापर्यंत चलनात राहिलेली कवडी आता ‘मोनेटॅरिया मोनेटा’ आहे. यातला पहिला शब्द प्रजातीचा. दोन्ही मिळून जातीचं नाव. मोनेटा म्हणजे लॅटिनमध्ये नाणं. ‘कवडीमोल’ म्हणणाऱ्या भाषेला हे नाव परकं वाटू नये.

कवडीला शिंपला म्हणणारेही भेटतात. शिंपल्याला दोन झडपा असतात, कवडीला एकच कवच. कोवळ्या कवडीचा पीळ साध्या गोगलगायीसारखा उघड दिसतो. वाढ होताना शेवटचा वेढा आधीचे सगळे वेढे पोटात घेतो, तोंडाच्या कडा आत वळतात आणि त्यांवर दाते येतात. जिवंत प्राणी अंगाची मऊ घडी कवचावर पांघरतो, म्हणून ते गुळगुळीत आणि चकचकीत राहतं. ओव्ह्युलिडी कुलातले प्राणीही असेच दिसतात, पण ते खऱ्या कवड्यांत मोडत नाहीत.

संस्कृत कपर्दिका, प्राकृत कवड्डिआ यांतून आलेला आपला शब्द कुलासाठी अगदी नेमका बसतो. तेव्हा ‘कवडी हे समुद्री गोगलगायींचं एक कुल आहे’ असं लिहावं. एकाच जातीबद्दल बोलायचं असेल तर मोनेटाला ‘चलनी कवडी’ म्हणावं.